पीसीटीचं वाळवंट आणि सिएराचा बर्फ एकाच सॅकवर कसा काढायचा

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, सगळे पीसीटीच म्हणतात, ही अमेरिकेच्या पश्चिमेला मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पायवाट आहे, साधारण २६५० मैल म्हणजे ४२६५ किलोमीटर. १९६८ च्या कायद्याने तिला नॅशनल सीनिक ट्रेलचा दर्जा मिळाला आणि पूर्ण झाली ती १९९३ मध्ये. मी त्यातले पहिले ९४२ मैल चालले, मेक्सिकोच्या सीमेवरचं कॅम्पो ते योसेमिटीतलं ट्युओलमी मेडोज, आणि इथे तेवढ्याच भागाबद्दल लिहितेय कारण वाळवंट आणि बर्फ दोन्ही तिथेच आहेत, आणि तेही एकमेकांना चिकटून. आधी ७०० मैल वाळवंट, आणि ते संपतं न संपतं तोच सिएरा नेवाडाची पर्वतरांग सुरू.

निघायच्या आधी सगळे गिअरबद्दलच विचारतात, कुठला टेंट, कुठली सॅक, किती ग्रॅम. मी पण तेच केलं, महिनोन्‌महिने. पण चालून आल्यावर माझं ठाम मत झालंय की पहिलं येतं पाणी, दुसरं घड्याळ, आणि गिअर त्यानंतर. वाळवंटात पाणी नसतं म्हणून पहाटे उठायचं आणि सिएरात पाणी फार असतं म्हणून पहाटे उठायचं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटत जातं.

कधी निघायचं

दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारे बहुतेक लोक एप्रिलचा मध्य ते मेची सुरुवात या काळात कॅम्पोहून निघतात. मार्चमधे निघालात तर वाळवंट मस्त गार मिळतं पण केनेडी मेडोजला, म्हणजे ७०२ व्या मैलाला, तुम्ही मेच्या सुरुवातीलाच जाऊन धडकता आणि समोर सिएरा पूर्ण गाडलेला असतो. मेच्या शेवटी निघालात तर वाळवंट भाजून काढतं, आणि पूर्ण ट्रेल करणाऱ्यांना शेवटी वॉशिंग्टन राज्यात नवा बर्फ गाठतो. सहा-सात आठवड्यांत ७०० मैल धरले तर जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात केनेडी मेडोज, हे गणित साधारण बरं बसतं.

साधारण म्हणतेय कारण प्रत्येक वर्ष वेगळं. कॅलिफोर्नियात १ एप्रिलच्या आसपास बर्फाची मोजणी होते, २०१५ साली तो सरासरीच्या फक्त ५ टक्के होता आणि २०२३ मध्ये जवळपास २३७ टक्के. म्हणजे एका वर्षी लोक जूनमधे कोरड्या वाटेने खिंडी ओलांडून गेले आणि दुसऱ्या वर्षी वाट कुठे आहे तेच दिसत नव्हतं. अडचण अशी की परमिट कित्येक महिने आधी घ्यावं लागतं, तेव्हा बर्फाचा पत्ताच नसतो. म्हणून तारीख मधली घ्या आणि वेग कमीजास्त करा. बर्फ जास्त आहे कळलं तर वाळवंटात सावकाश चला, गावांत जास्त थांबा. तारखेशी भांडण्यापेक्षा हे खूप सोपं आहे.

कागदपत्रांचं पटकन सांगते. ५०० मैलांपेक्षा जास्त सलग चालणाऱ्यांसाठी पीसीटीचं लाँग डिस्टन्स परमिट असतं, मेक्सिकोच्या सीमेवरून सीझनमधे दिवसाला ५० जणांनाच सोडतात त्यामुळे बुकिंग उघडतं त्या दिवशी वेळेवर बसा. कॅलिफोर्नियात साधा गॅसचा स्टोव्ह पेटवायला पण कॅम्पफायर परमिट लागतं, ते ऑनलाइन मिळतं, फुकट आहे. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यांना साधारण ६ महिने राहायला मिळतात पण नक्की तारीख एअरपोर्टवरचा अधिकारी ठरवतो, ती तिथल्या तिथे बघून घ्या. आणि पूर्ण ट्रेल करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की २०२५ पासून ट्रेलवरून चालत कॅनडात शिरायचं परमिट बंद झालंय, सीमेवरचा, ट्रेलच्या उत्तर टोकाचा खांब गाठून सुमारे ३० मैल मागे हार्ट्स पास या खिंडीला यावं लागतं.

पाण्याचा हिशोब

वाळवंट म्हटल्यावर डोळ्यासमोर वाळूच्या टेकड्या येतात, तसलं इथे जवळपास काही नाही. झुडपांचे डोंगर आहेत, धारेवरून जाणारी वाट आहे, सारखा चढ-उतार आहे, आणि सावली मात्र नाही. पहिल्याच दिवशी कॅम्पो ते लेक मोरेना असे २० मैल आहेत आणि मधला हाउझर क्रीक हा ओढा बऱ्याचदा कोरडाच असतो. म्हणजे ट्रेल तुम्हाला शिकायला एक दिवस सुद्धा देत नाही.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हे सगळ्यांना माहीत असतं पण सहा लिटर पाठीवर घेतल्यावर ते कळतं. माझा हिशोब असा होता: पहाटे आणि संध्याकाळी दर ५ मैलांना एक लिटर, उन्हात चालायची वेळ आलीच तर दर ३ मैलांना एक लिटर, मुक्काम कोरड्या जागी असेल तर त्याचा वेगळा दीड लिटर, आणि सगळं धरून वर अर्धा लिटर असा की ज्याला हात लावायचाच नाही. तुमचं शरीर वेगळं असेल, पहिल्या आठवड्यात रोज लिहून ठेवा की किती प्यायलात आणि किती उरलं. एकूण ६ लिटर मावतील एवढ्या बाटल्या आणि पिशव्या पाहिजेतच, साध्या पातळ प्लास्टिकच्या बाटल्या सगळ्यात हलक्या पडतात आणि फिल्टरला पण बसतात.

पाण्याच्या ठिकाणी पोचलात की घाई करू नका. आधी तिथेच एक लिटर पिऊन घ्या, सावकाश, वीस मिनिटं बसून, मग भरून निघा. पोटातलं पाणी खांद्याला टोचत नाही. आणि नुसतं पाणी पीत सुटू नका, मीठ पाहिजे. घाम भरपूर, पाणी भरपूर आणि मीठ शून्य असं झालं की रक्तातलं सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं आपल्याला पाणी कमी पडतंय म्हणून तो अजून पितो. इलेक्ट्रोलाइटची पावडर, खारे शेंगदाणे, काहीही चालेल पण दिवसभर थोडं थोडं जात राहू दे.

पाणी कुठे आहे हे बहुतेक लोक फारआउट ॲपवर बघतात, त्यात प्रत्येक झऱ्यावर चालणाऱ्यांच्या कॉमेंट असतात. ‘पाणी आहे’ एवढं वाचून पुढे जाऊ नका, कॉमेंट कुठल्या तारखेची आहे ते बघा. दोन आठवड्यांपूर्वीची असेल तर मी ते पाणी नाहीच असं धरून चालायचे. ट्रेलवर भली माणसं कुठे कुठे पाण्याचे कॅन ठेवून जातात, मिळालं तर मनापासून आभार माना, पण हिशोबात कधीच धरू नका.

सिझर्स क्रॉसिंग, ७७ वा मैल, याचं उदाहरण देते. तिथून सॅन फेलिपे हिल्स सुरू होतात आणि बॅरल स्प्रिंगपर्यंत २४ मैल स्वतःचं असं पाणी नाही. मी तिथे दुपारी अडीचला पोचले, रस्त्याच्या पुलाखाली जेवढी सावली आहे तेवढ्यात सात-आठ जण पाय पसरून पडले होते. एक जण उठून निघाला, म्हणाला अजून चार तास उजेड आहे. मी आणि अजून दोघी थांबलो, साडेपाचला निघालो. वाट डोंगराच्या प्रत्येक घडीत आत जाते आणि परत बाहेर येते, समोरच्या सोंडेवर माणूस दिसतो पण तिथे पोचायला अर्धा तास लागतो. बाजूला ओकोटियोच्या काटेरी काठ्यांच्या टोकाला लाल फुलं, खालच्या खडकांतून भट्टीसारखी धग अजून येतच होती, आणि तरी आम्हाला दीड तासात अर्ध्या लिटरवर पाणी लागलं नाही. अडीचला निघालेला तो मुलगा आम्हाला रात्री हेडलॅम्पच्या उजेडात वाटेच्या कडेला बसलेला भेटला. पाच लिटर घेऊन निघाला होता, त्यातलं जेमतेम एक उरलं होतं आणि पायात गोळे येत होते. मीठ दिलं, बसवलं, मग हळूहळू बरोबर घेऊन गेलो. तो आमच्यापेक्षा जास्त तगडा होता, फक्त तीन तास आधी निघाला होता.

म्हणून वाळवंटात दिवस असा लावा: चारला उठणं, पाचच्या आत वाटेवर, साडेदहा-अकराला जिथे सावली मिळेल तिथे बूट काढून आडवं होणं, जेवण, झोप, आणि चार-साडेचारनंतर परत अंधार पडेपर्यंत. सावली नसेल तर चंदेरी छत्री उघडून सॅकच्या पट्ट्याला अडकवा, माझ्या मते वाळवंटातल्या सामानात तेवढी एकच चैन आहे जी वजनाला जागते. लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या कालव्यावरून ५१७ व्या मैलानंतर सपाट मोहावे वाळवंट पार करायचं असतं, ते तर बरेच जण रात्रीच चालतात. पायाखाली झाकलेला कालवा, त्यात अख्ख्या शहराचं पाणी वाहतंय आणि चालणाऱ्याने मात्र आपल्या बाटलीतलं मोजून प्यायचं. आणि वॉकर पासच्या आधी काही वर्षी जवळजवळ ४० मैलांचा कोरडा टप्पा येतो, तिथे वर सांगितलेला सगळा हिशोब पणाला लागतो.

पायांबद्दल. गरमीत पाय सुजतात, बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक साइज मोठा घ्या आणि जड लेदरचे नकोत, जाळीचे ट्रेल रनर घ्या, ते बर्फात भिजतात पण वाळतात पण पटकन. एक जोडी साधारण ५०० मैल चालते. वाळू आत जाऊ नये म्हणून पातळ गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून घोट्याला बसणारं कापड. प्रत्येक विश्रांतीला बूट-मोजे दोन्ही काढायचे, मोजे झटकून उन्हात टाकायचे, पाय पुसायचे. कुठे चुरचुरलं की त्याच क्षणी थांबून टेप लावा, पुढच्या झऱ्याला बघू असं म्हणू नका, पुढच्या झऱ्यापर्यंत फोड आलेला असतो. पहिले दहा दिवस १२ ते १५ मैलांवर जाऊ नका, फुप्फुसं तयार होतात लवकर पण नडगी आणि टाचेचे स्नायू वेळ घेतात. पहिल्या महिन्यात घरी जाणारे बहुतेक जण पायामुळेच जातात असं मी बघितलं.

बाकी लहानसहान. खडखड आवाज आला की जागीच थांबा, साप कुठे आहे ते बघा आणि लांबून वळसा घ्या. जळून गेलेल्या डोंगरांवर पूडल-डॉग बुश नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप येतं, वास उग्र, अंगाला लागलं तर वाईट पुरळ येतं, पायजमा लांब ठेवा. डीप क्रीकच्या गरम झऱ्यात पोहायचा मोह होईलच, पण डोकं पाण्याखाली घालू नका, नाकावाटे मेंदूत जाणाऱ्या अमिबाचा धोका असतो. आणि उन्हाचा झटका ओळखायला शिका: चढत असलेला माणूस गोंधळून बोलायला लागला, पाय लटपटायला लागले की आधी सावली, कपड्यांवर पाणी, वारा घाला, आणि मदत मागवा. असल्या वेळी प्यायचं पाणी अंगावर ओतायला कचरायचं नाही.

सॅन जॅसिंटोचा बर्फ वाळवंटातच असतो

हे नव्या लोकांना कुणी नीट सांगत नाही. पहिला बर्फ सिएरात नाही, १८० व्या मैलाच्या आसपास सॅन जॅसिंटो या डोंगरावर लागतो. तिथल्या फुलर रिज या धारेचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, ऊन कमी, आणि एप्रिलमधे सकाळी तिथे बर्फ नसतो तर काच असते. २०२० च्या मार्चमधे याच डोंगररांगेत अपाची पीकजवळ एक जण घसरून दगावला. तुमच्या सीझनला बर्फ आहे असं कळलं तर मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटाखाली अडकवायचे काटे, आणि आइस ॲक्स, म्हणजे बर्फातली छोटी कुदळ, आयडिलवाइल्ड गावातच हातात असू द्या, आणि दोन्ही नसेल तर तेवढा भाग रस्त्याने टाळा. मी टाळला नाही, पण टाळणाऱ्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे.

आणि मग त्याच डोंगरावरून वाट साधारण साडेसहा हजार फूट खाली उतरते, मधे पाणी नाही, खाली पोचल्यावर एक नळ आहे. म्हणजे सकाळी बोटं बधिर आणि संध्याकाळी ओठ फुटलेले.

केनेडी मेडोजला सॅक परत भरायची

इथे एक जनरल स्टोअर आहे, आधीच पाठवलेले खोके इथे मिळतात. वाळवंट इथे संपतं. छत्री, जास्तीच्या पाण्याच्या पिशव्या, पातळ रुमाल हे परत पाठवा. आत येणार: आइस ॲक्स, मायक्रोस्पाइक्स, जाड हातमोजे आणि वर एक वॉटरप्रूफ जोडी, उबदार जाकीट नसेल तर ते, बाजूंनी बंद असलेला काळा चष्मा, आणि बेअर कॅन म्हणजे अस्वलाला उघडता येणार नाही असा डबा, सिएराच्या बऱ्याच भागात तो सक्तीचा आहे आणि रिकामा असतानाच किलोभर असतो. सहा लिटर पाण्याचं ओझं गेलं म्हणून खूष होता होता त्याची जागा आठ दिवसांचं जेवण घेतं.

जेवणाचा हिशोब मैलांवर करू नका, दिवसांवर करा. वाळवंटात तोपर्यंत दिवसाला १८-२० मैल सहज होत असतात आणि माणूस तसाच भागाकार करतो. बर्फात तासाला एक मैल हा चांगला वेग आहे. बर्फाच्या भागासाठी मी १० मैल रोज धरले होते, दोन दिवस ७ च झाले. केनेडी मेडोजपासून किअरसार्ज खिंडीने बाहेर पडायच्या फाट्यापर्यंत ८७ मैल, मी साडेसात दिवसांचं खाणं घेतलं आणि ते पुरलं एवढंच. किअरसार्जवरून ओनियन व्हॅलीला उतरून खाली गावात जाता येतं, जेवण भरून परत त्याच खिंडीने वर. दिवसाला ३५०० कॅलरीच्या खाली जाऊ नका, १०० ग्रॅममागे ४५० कॅलरी देणारं खाणं निवडा: शेंगदाणे, पीनट बटर, तेल, चीज, चॉकलेट. वर उंचीमुळे भूक मरते, तरी दर तासाला काहीतरी चावत राहायचं, खिशात ठेवा म्हणजे सॅक काढावी लागत नाही.

उंचीचं पण ऐका. केनेडी मेडोज सहा हजार फुटांवर आहे आणि दोनच दिवसांत तुम्ही साडेदहा हजारावर असता. पहिले दोन दिवस मुद्दाम हळू. डोकेदुखी जेवण आणि पाण्याने गेली नाही तर चढायचं थांबवा, वाढली तर खाली उतरा.

बर्फात घड्याळ

रात्री बर्फ गोठतो आणि सकाळी त्यावरून रस्त्यासारखं चालता येतं. नऊ-दहानंतर वरचा थर मऊ पडतो आणि मग पाय मांडीपर्यंत आत जातो, बाहेर काढायचा, परत आत. अशा शंभर पावलांत जेवढी ताकद जाते तेवढ्यात सकाळी एक मैल झाला असता. शिवाय दगडांच्या आणि झाडांच्या कडेला खालून बर्फ पोकळ झालेला असतो, तिथे पाय गेला तर नडगी दगडावर आपटते. दगडाच्या जवळून जाऊ नका, गेलंच पाहिजे तर मोठी ढांग टाका.

म्हणून दिवसाला एक खिंड. आदल्या दिवशी खिंडीच्या तीन-चार मैल अलीकडे मुक्काम, तीनला गजर, चारला चालायला सुरुवात, आठ-साडेआठला माथ्यावर. उत्तरेकडे जाताना त्यांचा क्रम असा: फॉरेस्टर, ग्लेन, पिंचो, मॅथर, म्युअर, सेल्डेन, सिल्व्हर, डोनोह्यू. फॉरेस्टर १३१५३ फूट, पूर्ण पीसीटीवरची सगळ्यात उंच जागा. तिच्या दक्षिणेकडे माथ्याच्या जरा खाली एक अरुंद बर्फाची घळ आडवी ओलांडावी लागते, पंधरा-वीस पावलंच आहेत पण खाली बघवत नाही. मी पोचले तेव्हा आधीच्या लोकांच्या पावलांच्या पायऱ्या रात्रीत दगडासारख्या झालेल्या होत्या. डोंगराकडच्या हातात ॲक्स, तिचा दांडा बर्फात पूर्ण रुतवायचा, मग एक पाऊल, मग दुसरं, मग ॲक्स उपटून परत पुढे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. मी मोठ्याने आकडे मोजत गेले, एकोणीसला पलीकडचा दगड हाताला लागला.

ॲक्स नुसती सॅकवर लटकवून उपयोग नाही. निघायच्या आधी कुठल्यातरी अशा उतारावर जा जिथे खाली सपाट मैदान आहे, दगड-झाड काही नाही, आणि तिथे मुद्दाम घसरा. पोटावर, पाठीवर, डोकं खाली करून, सगळ्या तऱ्हेने. ॲक्स छातीशी धरून टोक बर्फात दाबायचं आणि पूर्ण अंग त्यावर टाकायचं, हे तुमच्या अंगात बसलं पाहिजे कारण खरं घसरल्यावर विचार करायला एक-दोन सेकंद मिळतात, त्यानंतर वेग एवढा होतो की थांबता येत नाही. एखाद्या प्रशिक्षकाकडे एक दिवसाचा कोर्स करता आला तर मी म्हणेन टेंटच्या पैशातून कापून तो करा. आणि बसून घसरत उतरायचं असेल तर आधी स्पाइक्स काढा, ते बर्फात अडकले की घोटा मोडतो.

ऊन बर्फावरून उलटून वर येतं. नाकाच्या खाली, हनुवटीच्या खाली, कानामागे क्रीम लावा, तोंड उघडं ठेवून धापा टाकलात तर टाळू पण भाजते. चष्मा एक तास सुद्धा काढू नका, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं दुखायला लागतं ते संध्याकाळी, तेव्हा उशीर झालेला असतो.

रात्रीचं एक काम रोज न चुकता: पाण्याचा फिल्टर, फोन, बॅटरी आणि गॅसचा डबा झोपायच्या बॅगेत. फिल्टरच्या आत पोकळ धाग्यांच्या नळ्या असतात, त्यात पाणी राहिलेलंच असतं, ते गोठलं की नळ्या तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी तसंच येत राहतं पण गाळलेलं नसतं. गोठला अशी शंका आली तरी तो टाकून द्या, म्हणून पाणी शुद्ध करायच्या थोड्या क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या वेगळ्या ठेवा. बुटांच्या लेस पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढून ठेवा, सकाळी ते लाकडासारखे होतात आणि पाय घालायला जागाच राहत नाही. मोज्यांची एक कोरडी जोडी फक्त झोपायसाठी, काहीही झालं तरी ती ओली करायची नाही.

ओढे

मला सगळ्यात जास्त भीती खिंडींची होती, आणि चूक होती. सिएरात खरा धोका ओढ्यांचा. दिवसभर वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली येतं, जो ओढा सकाळी गुडघ्याला लागतो तो संध्याकाळी कमरेला येतो. २०१७ च्या मोठ्या बर्फाच्या वर्षी पीसीटीवर दोन जणी सिएरातल्या पाण्यात बुडून गेल्या. म्हणून संध्याकाळी ओढ्याशी पोचलात तर अलीकडेच टेंट लावा, सकाळी बघू.

बघायचं काय तर वाट जिथे पाण्याला लागते तीच जागा बरोबर असं नसतं. वर-खाली अर्धा मैल फिरा, जिथे पात्र पसरट आहे किंवा पाणी चार फाट्यांत वाटलं गेलंय अशी जागा शोधा. खालच्या बाजूला काय आहे ते बघा, धबधबा किंवा आडवी पडलेली झाडं असतील तर तिथे नकोच, तुम्ही वाहून गेलात तर त्यातच अडकणार. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा. बूट पायातच. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, दोन्ही काठ्या पुढे रोवून, तिरकं सरकत जायचं, पाय उचलून टाकायचा नाही, तळ चाचपत सरकवायचा. फोन आणि झोपायची बॅग आधीच वॉटरप्रूफ पिशवीत. जोराचं पाणी मांडीच्या वर येतंय असं दिसलं तर मी परत फिरायचे. इव्होल्यूशन क्रीकला नेहमीच्या वाटेऐवजी वरच्या कुरणातून जाणारी शांत जागा आहे, पाणी थंडगार पण जवळपास स्थिर, बेअर क्रीकला मात्र सकाळची वाट बघण्याला पर्याय नाही. आणि पाण्यावर कमानीसारखा उरलेला बर्फाचा पूल दिसला तर त्याची कड किती जाड आहे ते बाजूने बघितल्याशिवाय पाय ठेवू नका.

वाळवंट मी बरंचसं एकटीने केलं पण सिएरात आम्ही चौघे होतो. सोबती निवडताना वेग बघा, पण त्याहून जास्त हे बघा की हा माणूस ‘परत फिरूया’ हे ऐकून घेईल का. आमच्यात पहिल्याच दिवशी ठरलं होतं की चौघांतल्या एकाने नको म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही. पिंचोच्या आधी एकदा तसं झालं, ढग खाली आले होते, आम्ही तीन तास टेंटमधे बसलो आणि मग निघालो, आणि त्या तीन तासांबद्दल कुणीच कधी काही बोललं नाही. सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसताना उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, प्रत्येकाकडे नसला तरी ग्रुपमधे दोन असावेत, आणि फोन थंडीत मरतो म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र, आणि ते वापरता येणं.

बर्फ फारच असेल तर उत्तरेला जाऊन नंतर सिएराला परत यायचा पर्याय असतो, पण आधी परमिटवर सिएराच्या भागाबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा, मधे सोडून परत शिरण्यावर बंधनं आहेत.

शौचाचं सांगायला कुणाला आवडत नाही पण सांगायला पाहिजे. पाण्यापासून आणि वाटेपासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, आणि कागद झिपच्या पिशवीत बरोबर घेऊन जायचा. वाळवंटात तो कुजत नाही आणि बर्फात पुरला तर जूनमधे वितळून पुढच्याच्या पाण्यात येतो.

आणि केनेडी मेडोजच्या खोक्यात डोक्यावरून घालायची मच्छरजाळी आत्ताच टाकून ठेवा, वीस-तीस ग्रॅमचीच असते. ट्युओलमीच्या अलीकडे बर्फ संपून कुरणं ओली झाली की डास एका दिवसात येतात, सकाळी एकही नसतो आणि संध्याकाळी चमचा तोंडात नेता येत नाही. आम्हा चौघांत एकच जाळी होती आणि आम्ही ती पाळीपाळीने घालून जेवलो.